जुनं दार शोधताना: ओशिवरा, पुण्याची वखार आणि आमचं साताऱ्याचं घर

दाराची चौकट बाहेरून पाच फूट दोन इंच तीन सूत, आणि आमच्या भिंतीतलं भोक चार फूट. सुरुवात इथूनच करते, कारण जुनं दार घ्यायला निघालेला माणूस पहिली चूक इथंच करतो. घरचं माप कागदावर लिहून बाजारात जातो. जुन्या दारांच्या बाजारात त्या कागदाला कुणी विचारत नाही. दार आवडलं की त्याचं माप घेऊन घरी यायचं आणि गवंड्याला बोलवायचं.

मी साताऱ्यात शाळेत गणित शिकवते. सासऱ्यांनी १९७८ साली बांधलेलं बैठं घर आहे. मागे दोन खोल्या वाढवायच्या होत्या आणि पुढची पडवी नव्यानं काढायची होती. पुढचं दार प्लायचं, दर पावसाळ्यात पापडासारखं फुगायचं. नवरा म्हणाला, नवं सागवानी करू. मी म्हणाले, वाड्याचं जुनं आणू. त्यापुढचे पाच महिने कसे गेले ते विचारू नका, म्हणजे विचारा, त्यासाठीच लिहितेय.

आधी फसले ते सांगून टाकते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून देवघरासाठी लहान एकपाखी, म्हणजे एकाच झडपेचं दार मागवलं, १८,००० रुपयांना. 'दीडशे वर्षांचं, राजस्थानी हवेलीतलं.' फोटो फारच सुंदर होते. दार आलं, आमच्या सुतारकाकांनी ते उलटं करून अंगणात टाकलं आणि पितळी फुलांपैकी एक पटाशीनं उचकटलं. खाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली, लांबीखाली स्क्रू, आणि त्याच्या डोक्यावर अधिक-चिन्हाची खाच. अशा खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत निघाले. मग त्यांनी मागच्या फळीवर तिरका उजेड पाडून दाखवला. लाकडावर धनुष्याच्या कमानीसारख्या ओळी होत्या, एकसारख्या अंतरावर. गोल पात्याच्या मशीनवर कापलेल्या फळीवर अशा ओळी उठतात. दोन माणसांनी वर-खाली ओढलेल्या करवतीच्या ओळी सरळ आणि वेड्यावाकड्या असतात, आणि वाकसानं तासलेलं असेल तर हात फिरवल्यावर उथळ वाट्या लागतात. "मॅडम, ह्याला जुनं म्हणायचं तर मी पांडवांच्या वेळचा," काका म्हणाले. लाकूड आंब्याचं निघालं. पैसे परत मिळाले नाहीत. दार आता कोठीच्या खोलीला आहे, त्याचं तिथं बरं चाललंय.

त्यानंतर मुंबईतलं ओशिवरा. जोगेश्वरी पश्चिमेला, एस. व्ही. रोडच्या आत रिलीफ रोडच्या बाजूला जुन्या फर्निचरची दुकानं आहेत. दुकानं म्हणजे पत्र्याच्या शेड, एकाला एक लागून. राम मंदिर स्टेशनला उतरून रिक्षा केली. पहिल्यांदा रविवारी गेले तो मूर्खपणा झाला, कारण गर्दीत कुणाला वेळच नसतो. दुसऱ्यांदा मंगळवारी सकाळी साडेदहाला गेले, तेव्हा पोरं नुकती शेड झाडत होती आणि मालक बोलायच्या मनःस्थितीत होते.

माल बघून डोळे फिरतात हे खरं. काठियावाडी दारं, हवेल्यांची लोखंडी पट्ट्या मारलेली दारं, दक्षिणेकडचे घोटीव खांब, पारशी घरांतली कपाटं, आणि एका कोपऱ्यात गोव्याच्या खिडक्या, ज्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. उजेड त्यातून दुधासारखा येतो. मी त्यातली एक घेतलीच असती, पण ती कुठल्या भिंतीत बसवायची याचं उत्तर नवऱ्यानं मागितलं आणि माझ्याकडे नव्हतं.

दारं तिथं वहीच्या पानांसारखी एकामागे एक उभी असतात. दहावं बघायचं तर आधीची नऊ हलवावी लागतात, आणि एकेक दोन माणसांना उचलेना. पोरं हलवायला तयार असतील तर थांबा. "वही है पीछे भी, ऐसा ही माल" असं म्हणाले तर पुढच्या शेडमध्ये जा. मी तेच केलं.

मला तिथं सर्वांत उपयोगी माणूस भेटला तो एक वयस्कर चाचा. त्यांच्या दुकानात मी काहीही विकत घेतलं नाही, तरी चहा पाजून त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. "बेटी, यहाँ तीन चीज मिलती है. पुराना, पुरानी लकडी का नया, और नया. तीनों बुरी नहीं. बस दाम तीन होने चाहिए." जुन्या तुळयांच्या लाकडातून तिथले कारागीर नवी दारं बनवतात, आणि ती लपवाछपवी नाही, धंदाच आहे. ते लाकूड वाळून वाळून बसलेलं असतं, त्यामुळे नव्या लाकडासारखं पीळ खात नाही. मी चाचांना त्यांच्याच दुकानातलं एक नक्षीदार दार दाखवून विचारलं, हे तिघांतलं कुठलं? त्यांनी न कचरता सांगितलं, पाखं जुनी, चौकट नवी, वरची गणेशपट्टी तिसऱ्याच घरातली. किंमत १,४०,०००. घासाघीस करून लाखाच्या आत आलं नसतं असं नाही, पण तिघांचं जमवलेलं ते कुटुंब मला नको होतं.

बाकीच्या चार-पाच ठिकाणी मात्र सगळंच 'दो सौ साल पुराना' आणि सगळंच 'बर्मा टीक'. बर्मा टीक या नावाला आपल्याकडे वजन आहे ते उगीच नाही. तेव्हाच्या ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या मौलमीनहून जहाजं भरून सागवान मुंबईला यायचं, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ सालची. आणि म्यानमारनं २०१४च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली, तेव्हापासून जुन्या तुळयांचा भाव आणखी चढला असं सगळे सांगतात. पण सह्याद्रीतलं, दांडेलीकडचं सागवानही उत्तम असतं, आणि शंभर वर्षांच्या फळीकडे बघून ती रंगूनची की कारवारची हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका. लाकूड बघा. दाराच्या कडेला, जिथं रंग उडालाय तिथं नखानं खरवडून वास घ्या. सागवानाला चामड्यासारखा एक तेलकट वास असतो, जुनं झालं तरी. फळीच्या सालीकडच्या बाजूला पांढुरका पट्टा असेल तर तिथं कीड आधी लागते. गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा तोंड लावत नाही. टाचणीएवढी भोकं असतील तर दार आपटायला सांगा. ताजा पिवळा भुसा पडला तर किडा आत जिवंत आहे.

ओशिवऱ्याला मी शंभरपैकी पंचावन्न देईन. वैविध्याला पैकीच्या पैकी, सांगण्यातल्या खरेपणाला नापास, चाचांमुळे पाच गुण ग्रेस. सजावटीसाठी, बैठकीत उभं करायला किंवा वर काच टाकून टेबल करायला दार हवं असेल, तर तिथंच जा. उघडझाप करणारं, पावसात उभं राहणारं दार हवं असेल, तर मला पुणं बरं वाटलं.

पुण्यात आधी मी केळकर संग्रहालयात गेले, हा सल्लाही सगळ्यांना देते. शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडजवळ. तिथं जुनी दारं आणि खिडक्या आहेत, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे. तिथं तासभर उभं राहिलं की डोळ्याला वळण लागतं. कुठलं कोरीव काम हातानं सैल, जिवंत झालंय आणि कुठलं साच्यातून काढल्यासारखं आहे ते कळायला लागतं. परत येताना शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघितला. हत्तींसाठी लावलेले ते खिळे सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण मोठ्या पाखात कापलेली दिंडी, म्हणजे लहान दार, कशी बसवलीय, तिच्या कडेची पट्टी वारा आणि पाणी कसं अडवते, ते जवळ जाऊन बघा. असली हुशारी आता कुणाला परवडत नाही.

मग टिंबर मार्केटच्या बाजूची एक जुन्या लाकडाची वखार. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे. पेठांतले वाडे पाडायला घेतले की हे लोक लाकूड उतरवून घेतात. वाड्याचा सांगाडा सालीत, म्हणजे खाचेत, कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, बसवून जोडलेला असतो, त्यामुळे जाणता माणूस तो तोडत नाही, उकलतो. पेठांत वाडे का पडतात ते पुणेकरांना सांगायला नको. दहा-वीस रुपये भाडं, डझनभर भाडेकरू, त्याहून जास्त वारस, आणि शेवटी बिल्डर. वखारीत तुळया, छताच्या लाकडी कड्या, सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाच्या नक्षीचे तुकडे सगळं घनफुटावर. दारं मात्र नगावर.

मालक साठीचे, कमी बोलणारे. "ताई, देवळातलं दार माझ्याकडे नाही आणि मूर्ती असलेलं काही नाही," हे पहिलं वाक्य. मला ते आवडलं. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. माझा भाऊ अमेरिकेत असतो, तो एक खिडकी मागत होता, त्याला नाही म्हणून कळवलं. तुम्ही कुठंही घेतलंत तरी पक्कं बिल घ्या आणि कुठल्या पेठेतल्या इमारतीतून उतरवलं ते त्यावर लिहून घ्या. आमच्या बिलावर 'नारायण पेठ' आहे. वाडा कुणाचा ते विचारलं तर मालक गप्प बसले.

तिथल्या पोरानं मला एक जोडी दाखवून सांगितलं, "हे पानशेतच्या पुरात वाचलंय." आता हे वाक्य पुण्यात कुठल्याही जुन्या वस्तूला चिकटवता येतं. १२ जुलै १९६१ ला नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, मातीच्या भिंती विरघळल्या आणि वाडे बसले, हे खरं. पण म्हणून प्रत्येक दार काही पोहून बाहेर आलेलं नाही. मालकांनी पोराला गप्प केलं. "ते रास्ता पेठेतलं आहे रे."

शेवटी जे घेतलं ते सगळ्यांत मागे, तुळयांच्या आड होतं. दुपाखी, साधं. नक्षी फक्त वरच्या पट्टीवर, तीही एक कमळ आणि दोन वेली. पाखांची जाडी सव्वादोन इंच. बिजागऱ्या नाहीतच. प्रत्येक पाखाच्या कडेला वर आणि खाली लाकडाचा गोल खुंट सोडलेला, खालचा उंबऱ्यातल्या लोखंडी वाटीत बसतो आणि वरचा पट्टीच्या भोकात, दार त्यावर फिरतं. अडसरासकट, म्हणजे दार आतून बंद करायच्या आडव्या वाशासकट मिळालं, ही मोठी गोष्ट. बहुतेक दारांचे अडसर हरवलेले असतात, कारण वाडा पाडणाऱ्याला तो नुसता वासा वाटतो. मालकांनी ७२,००० सांगितले, ६४,००० ला जमलं. चौकटीसकट. चौकट सोडून नुसती पाखं कुणी स्वस्तात देत असेल तर मोहात पडू नका. शंभर वर्षं एकमेकांबरोबर वाकलेली ती जोडी असते, नव्या काटकोनी चौकटीत ती पाखं बसत नाहीत, बसवली तर रंध्यानं अर्धी संपतात.

वजनाचा अंदाज मी वहीत काढला होता. सागवान घनफुटाला साधारण अठरा किलो, आमचं लाकूड भरलं पावणेदहा घनफूट, म्हणजे पावणेदोनशे किलो, वर लोखंड वेगळं. टेम्पोवाला म्हणाला, दोन माणसं पुरतील. चार लागली, पाचवा नवरा. टेम्पो आणि हमाली मिळून ७,५००.

आता तक्रार. मी स्पष्ट सांगितलं होतं की रंग काढू नका, आहे तसं पाठवा. पाठवायच्या आदल्या दिवशी कुणीतरी एक पाख कॉस्टिक सोड्यानं धुतलं, 'ताईंना स्वच्छ देऊ' म्हणून. सागवान त्यानं काळवंडतं. सांध्यांत मुरलेला सोडा आठवडाभर पांढरी भुकटी होऊन बाहेर येत होता. काकांनी व्हिनेगर-पाण्यानं तीनदा पुसून काढलं, पण दोन पाखांचा रंग आजही एक नाही. फोन केला तर मालकांनी चूक मान्य केली आणि ३,००० परत करायची तयारी दाखवली. मी त्याऐवजी एक जुना कोयंडा मागून घेतला. वखारीला अठ्ठ्याहत्तर गुण. सोडा नसता तर नव्वदच्या पुढे होते.

दुसऱ्या पाखावर रंगाचे थर होते, हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी. हे थर कोरडे घासू नका, हे मी ओरडून सांगेन. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग इतकी आणली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग म्हणजे काय असेल सांगता येत नाही. पॉलिशपेपर मारला की ती धूळ घरभर होते, आणि ज्योतीनं तापवला तर धूर. आम्ही अंगणात ताडपत्री घालून, रसायन लावून, ओलं करून खरवडलं, तोंडाला मास्क. खरवड गोळा करून बांधली. शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढं काय, आम्ही लहानपणी चाटायचो. असो.

चौकटीचे पाय, म्हणजे उंबऱ्याखाली जमिनीत जाणारा भाग, कुजलेला होता. हा जवळपास प्रत्येक जुन्या दाराचा रोग आहे, घेताना तिथंच पटाशी खुपसून बघा. काकांनी कुजका भाग कापला आणि खाली काळ्या दगडाचे दोन घडीव ठोकळे बसवले, म्हणजे फरशी धुतली तरी लाकडाला पाणी लागत नाही. उंबरा दगडावर चढल्यामुळे जमिनीपासून सात इंच झाला. त्याचा फायदा असा की पाच फूट नऊ इंची दारातून पाच फूट अकरा इंची मुलगा आता न वाकता जातो, कारण तो उंबरा ओलांडतो, आणि डोक्यावरच्या जागेत उंबऱ्याची उंचीही मिळते. तोटा असा की सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत. त्यांच्यासाठी दोन्हीकडे अर्धी पायरी आणि भिंतीला धरायला कडी लावली. "दार आणलंस का किल्ला?" त्यांनी विचारलं. पण आता उंबऱ्यावर बसून भाजी निवडतात.

अडसरानं सर्वांत जास्त त्रास दिला. तो पाच फुटांचा, दार उघडं असताना भिंतीत सरकून बसायचा असतो. वाड्याची भिंत दोन-तीन फूट जाड, तिला काही वाटत नाही. आमची नऊ इंची. उजवीकडे सिमेंटचा कॉलम, डावीकडे विजेच्या पाइपा. गवंडी म्हणाला, हे काढून टाका, कोण लावतंय हल्ली? मी नाही म्हटलं. मग स्विचबोर्ड हलवला, डावीकडची भिंत आतून अर्ध्या विटेनं जाड केली आणि आत लाकडी खोका बसवून त्यात अडसराची वाट ठेवली. लिंटेल आणि हे सगळं मिळून गवंड्याचे १६,५००.

कड्या आणि जुने खिळे मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, कुंभारवेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी भरतो. २,८५० रुपये. दारं तिथं नाहीत, पण हातानं घडवलेले चौकोनी खिळे किलोवर मिळतात, आणि काकांना ते सोन्यासारखे वाटले. सुतारकाका आणि मदतनीस अकरा दिवस, १,९०० रोजानं. दगड ३,२००. जवसाचं तेल, मेण, रसायन वगैरे ४,३००. एकूण १,१९,२५०. साताऱ्यातच नव्या सागवानी दुपाखी दाराला चौकटीसह ८५,००० सांगितले होते. तेव्हा जुनं दार स्वस्त पडतं असं कुणी म्हणालं तर त्यानं बेरीज केलेली नाही.

आणि काही गोष्टी अजून बऱ्या नाहीत. पाखांच्या मधल्या फटीतून पाल येते. लॅच बसत नाही, त्यामुळे बाहेर जाताना कोयंड्याला कुलूप घालावं लागतं आणि मुलगा रात्री उशिरा आला की सगळं घर उठतं. खुंटांना महिन्यातून एकदा एरंडेल लावलं नाही तर दार असं किरकिरतं की समोरच्या घरात कळतं आम्ही उठलो.

मागच्या बाजूला एक गोष्ट मिळाली. डाव्या पाखावर आतून, खांद्याच्या उंचीवर, शिसपेन्सिलीनं दुधाचा हिशेब आहे. शेरात. म्हणजे दशमान मापं रुळायच्या आधीचा असावा, पण शेर हा शब्द नंतरही बरीच वर्षं लोकांच्या तोंडात होता, तेव्हा पुरावा म्हणून हे चालणार नाही. एका ओळीची बेरीज पाव शेरानं चुकलीय. काका तिथं घासायला निघाले होते, मी हात धरला. तेवढी वीतभर जागा सोडून बाकी सगळीकडे तेल लावलंय.

सध्या ऑगस्ट आहे. दोन्ही पाखं पाणी पिऊन फुगलीत आणि शेवटचं बोटभर अंतर मिटत नाही. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. मी रंधा मारायला बोलावलं तर काका आले, दारावर थाप मारली आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत हात लावू नका, आपोआप बसेल. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट पडेल." तोवर रात्री आम्ही दार नुसतं ओढून घेतो आणि भिंतीतून अडसर सरकवतो.